ऋतूंच्या सोहळ्यांसाठी नैसर्गिक रंगांचे रेशीम आणि लोकर : दरवर्षी पेटीतून निघेल अशी माळ घरी कशी करावी

घरातल्या सोहळ्यासाठी रंगवलेली रेशमी फीत वर्षभराने पेटीतून बाहेर काढावी आणि ठेवली तेव्हा होती तशीच ती निघावी, अशी ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी ही माहिती लिहीत आहे. नैसर्गिक रंग टिकत नाहीत, पहिल्याच धुण्यात उतरतात, असा समज बराच रूढ आहे. पण माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो, घाईचा असतो. पहिल्या वर्षी मी बीट आणि हळद यांच्या पाण्यात रेशमाच्या पट्ट्या बुडवून एका दुपारी माळ तयार केली होती आणि ती उजेडाच्या खिडकीत टांगली होती. पंधरवड्यात बिटाचा गुलाबी रंग मातकट झाला आणि हळदीचा पिवळा इतका उडाला की पट्टीची गाठीखाली झाकलेली बाजू आणि उघडी बाजू वेगवेगळ्या कापडांच्या वाटू लागल्या. तेव्हापासून मी कामाचा क्रम उलटा धरते : वस्तू एका दिवसासाठी आहे की वीस वर्षांसाठी हे आधी ठरवते, त्यानुसार रंग निवडते आणि सोहळ्याच्या निदान सहा आठवडे आधी धाग्याच्या तयारीला लागते.

रंगाची निवड

वनस्पतींतून मिळणारे सगळे रंग एकाच जातीचे नसतात. बिटातला लाल आणि लाल कोबीतला जांभळा हे रंग पाण्यात झटकन उतरतात, कापडावर मोहक दिसतात आणि उजेडात तितक्याच झटकन नाहीसे होतात. त्यांना धाग्याशी पक्के बांधण्याचा उपाय घरच्या कामात नाही. हळदीतले कर्क्युमिन रंगबंधकाशिवायही, म्हणजे रंग धाग्याला धरून ठेवणाऱ्या तुरटीसारख्या पदार्थाशिवायही, रेशमावर छान चढते, पण उन्हाला ते टिकत नाही आणि साबणाच्या अल्कधर्मी पाण्याने लालसर होते. असे रंग मुलांच्या एका दिवसाच्या खेळासाठी खुशाल वापरावेत. जपून ठेवायच्या वस्तूसाठी मात्र वापरू नयेत.

जपून ठेवायच्या वस्तूसाठी माझी पसंती तीन रंगांना आहे : लालसाठी मंजिष्ठा, किरमिजी आणि जांभळटासाठी लाख, निळ्यासाठी नीळ. कांद्याची साल, झेंडू आणि डाळिंबाची साल यांचे स्थान मधले आहे. तुरटीवर रंगवले, वर्षातले थोडेच दिवस बाहेर ठेवले आणि बाकीचा काळ अंधारात ठेवले, तर यांचे सोनेरी, केशरी आणि खाकी रंगही अनेक वर्षे चांगले राहतात. वनस्पतींच्या पिवळ्या रंगांची ही कमजोरी जुनी आहे. युरोपातल्या जुन्या भिंतपटांवरची झाडे आज निळी दिसतात, कारण विणताना ती निळीवर पिवळा चढवून हिरवी केलेली होती. शतकांच्या उजेडात पिवळा गेला आणि खालची नीळ उरली.

नवा रंग वापरण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी. रंगवलेल्या धाग्याचे किंवा कापडाचे छोटे तुकडे जाड पुठ्ठ्यावर चिकटवावेत, त्यांचा अर्धा भाग दुसऱ्या पुठ्ठ्याने घट्ट झाकावा आणि ते सर्व उन्हाच्या खिडकीत दोन आठवडे ठेवावे. झाकण काढल्यावर दोन्ही अर्ध्यांमध्ये दिसणारा फरक कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक नेमके उत्तर देतो. या परीक्षेलाही वेळ लागतो, म्हणून ती सोहळ्याच्या धावपळीत न करता एखाद्या निवांत महिन्यात करून ठेवावी.

रंगाचे साहित्य जमवणे हे घरातल्या सर्वांना सहज जमणारे काम आहे. कांद्याच्या कोरड्या साली वर्षभर कागदी पिशवीत साठवाव्यात. त्या इतक्या हलक्या असतात की शंभर ग्रॅम साली जमायला बरेच आठवडे लागतात. कोमेजू लागलेल्या झेंडूच्या पाकळ्या सावलीत कागदावर पसरून कडकडीत वाळवाव्यात. डाळिंबाच्या सालीचे लहान तुकडे करूनच त्या वाळवाव्यात, कारण वाळल्यानंतर त्या फोडणे अवघड जाते. ओळख पटल्याशिवाय कोणतीही पाने किंवा फुले उकळू नयेत. कण्हेरीसारखी विषारी झाडे तर या कामापासून पूर्णपणे दूर ठेवावीत.

भांडी आणि सावधगिरी

रंगासाठी वापरलेले पातेले, चमचा, गाळणी आणि मोजमापाची भांडी पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत. साहित्य साधे असले तरी हा नियम कटाक्षाने पाळावा. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे, कारण लोखंड आणि अॅल्युमिनियम आपापल्या परीने रंग बदलतात. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा आणि एक तापमापक एवढी दोनच साधने खरोखर विकत घेण्यासारखी आहेत. पूड हाताळताना तोंडावर फडके किंवा मास्क असावा, हातात मोजे असावेत आणि खिडक्या उघड्या असाव्यात. क्रोम, कथील किंवा तांबे यांचे क्षार काही जुन्या कृतींत सांगितलेले असतात. घरात, विशेषतः मुले असलेल्या घरात, त्यांची काहीच गरज नाही. तुरटी आणि अत्यल्प हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, एवढ्यावर सर्व काम भागते. हिराकस पोटात गेल्यास लहान मुलांना गंभीर अपाय होऊ शकतो, म्हणून ते कुलपात ठेवावे आणि मोठ्यांनीच हाताळावे.

वजन, धुलाई आणि तुरटी

या कामाचा खरा गाभा येथे आहे, आणि सुरुवातीला बहुतेक जण नेमका हाच भाग उरकून टाकतात.

नैसर्गिक रंगकामातले प्रत्येक प्रमाण कोरड्या धाग्याच्या किंवा कापडाच्या वजनावर ठरते, पाण्याच्या मापावर नाही. पाणी फक्त इतके असावे की धागा त्यात मोकळेपणी तरंगेल आणि हलेल. पातळ रेशमाचे वजन मॉमी या एककात सांगतात. एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. फितींसाठी उत्तम असलेले ८ मॉमीचे साधे पांढरे रेशीम एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद घेतले, तर त्याचे वजन जेमतेम ३५ ग्रॅम भरते आणि त्यातून ५ सेंटीमीटर रुंदीच्या, एक मीटर लांबीच्या वीस फिती निघतात. म्हणजे वीस फितींच्या माळेसाठी तुरटी लागते ती फक्त चार ग्रॅमच्या आसपास. हे गणित आधी मांडले की साहित्य वाया जात नाही आणि पुढच्या वर्षी तोच रंग पुन्हा काढता येतो.

धाग्यावरचे तेल, खळ आणि हाताळणीचा मळ निघून गेला नाही, तर रंग डागांसारखा बसतो. रेशीम सौम्य, अल्कधर्मी नसलेल्या साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावे, हलकेच दाबून धुवावे आणि साबण पूर्ण निघेपर्यंत विसळावे. रेशमाच्या कच्च्या तंतूवर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो. बाजारात मिळणाऱ्या मऊ, चमकदार रेशमाचा तो थर बहुधा आधीच काढलेला असतो, मात्र कडक आणि निस्तेज लागणाऱ्या कच्च्या रेशमाला जास्त वेळ धुवावे लागते. लोकर धुताना पाणी तापलेले असले तरी चालते, पण ती चोळू नये आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नये, कारण तापमानाचा धक्का आणि घासणे एकत्र आले की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो. सुती दोऱ्याला मात्र कडक वागणूक सोसते. त्याच्या वजनाच्या दोन टक्के धुण्याचा सोडा घालून तो तासभर उकळावा. पांढऱ्या दिसणाऱ्या सुताच्या पाण्याला चहासारखा रंग येतो तेव्हा ही उकळी किती आवश्यक होती ते कळते.

लडी रंगवताना ती चार ठिकाणी सैल, आठच्या आकाराच्या वेढ्यांनी बांधलेली असावी. वेढे घट्ट असतील तर त्यांच्याखाली रंग पोहोचत नाही. वेढे कमी असतील तर लडीचा गुंता होतो आणि तो सोडवण्यात रंगवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

आता तुरटी. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे तंतू आहेत, आणि तुरटीतले अॅल्युमिनियम एका बाजूने तंतूला व दुसऱ्या बाजूने रंगद्रव्याला धरून ठेवते. म्हणूनच तिला रंगबंधक म्हणतात. रेशमाच्या कोरड्या वजनाच्या १२ टक्के तुरटी घ्यावी, ती थोड्या कढत पाण्यात पूर्ण विरघळवावी, मग भांड्यातल्या कोमट पाण्यात मिसळावी आणि आधीच साध्या पाण्यात भिजवलेले रेशीम त्यात सोडावे. रेशमाला आच फार लागू देऊ नये. पाणी सोसवेल इतके गरम करून भांडे उतरवावे, झाकण ठेवावे आणि रेशीम त्यात रात्रभर, शक्य असल्यास पूर्ण चोवीस तास राहू द्यावे. उकळत्या पाण्यात रेशमाची चमक मरते आणि ती परत येत नाही. लोकरीसाठी तुरटी तेवढीच, शिवाय पाच ते सहा टक्के क्रीम ऑफ टार्टर घ्यावे. पाणी तासाभरात हळूहळू ८५ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे, तेथे तासभर ठेवावे आणि लोकर त्याच पाण्यात गार होऊ द्यावी.

सूत तुरटीला सहजासहजी धरत नाही. माळेची दोरी सुती असेल, तर ती आधी हिरड्याच्या पाण्यात, म्हणजे वजनाच्या १५ ते २० टक्के हिरड्याची पूड कढत पाण्यात घालून, काही तास ठेवावी. हिरड्यातले टॅनिन सुताला चिकटते आणि मग तुरटी टॅनिनला धरते. त्यानंतरच्या तुरटीत तिच्या आठव्या भागाइतका धुण्याचा सोडा वेगळा विरघळवून थोडा थोडा घालावा. फेस वर येतो, म्हणून भांडे अर्धेच भरलेले असावे. हिरड्यामुळे सुताला फिकट पिवळसर छटा येते, ती अंतिम रंगात धरूनच चालावे.

तुरटीतून काढलेला धागा हलकेच विसळून लगेच रंगवता येतो, किंवा वाळवून ठेवताही येतो. मी एका निवांत दिवशी सगळ्या फितींना आणि लडींना तुरटी देऊन ठेवते आणि प्रत्येकीला तशी चिठ्ठी बांधते, कारण वाळल्यावर तुरटीचा धागा आणि साधा धागा डोळ्यांना सारखाच दिसतो.

कांद्याची साल, मंजिष्ठा आणि लाख

प्रथमच रंगवणाऱ्याने कांद्याच्या सालीपासून सुरुवात करावी. धाग्याच्या वजनाइतक्या कोरड्या साली पाण्यात भिजवून पाऊण तास मंद उकळाव्यात, पाणी गाळून घ्यावे आणि ते कोमट झाल्यावर ओले रेशीम त्यात सोडावे. पाणी पुन्हा ७५ ते ८० अंशांपर्यंत तापवून पाऊण तास तेथेच ठेवावे. तापमापक नसेल तर भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसतात, वाफ येते, पण पाणी हलत नाही, ती स्थिती ओळखावी. रेशीम अधूनमधून काठीने उलटत राहावे. एकाच घडीत पडून राहिले तर घडीची रेघ रंगात कायमची उमटते. निघणारा रंग गडद सोनेरीपासून विटकरी केशरीपर्यंत काहीही असू शकतो. झेंडूसाठीही हीच रीत आहे. वाळलेली फुले धाग्याच्या वजनाइतकी आणि ताजी असल्यास त्याच्या दुप्पट तरी घ्यावीत.

मंजिष्ठेला सबुरी लागते. मुळांची पूड किंवा तुकडे धाग्याच्या वजनाइतके घ्यावेत आणि रात्रभर पाण्यात भिजवावेत. पाण्याची आच इतकी मंद ठेवावी की ७० अंश गाठायला एक तास लागेल. मंजिष्ठेच्याच जातीच्या, युरोपात वापरल्या जाणाऱ्या मॅडरच्या मुळांत अलिझरिन हे रंगद्रव्य मुख्य असते, तर मंजिष्ठेत पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन ही रंगद्रव्ये अधिक असतात. दोन्हींबाबतीत तापमान फार चढले की मुळांतले तपकिरी घटकही पाण्यात उतरतात आणि लाल रंग विटकरीकडे झुकतो. भांड्यात पहिल्या वीस मिनिटांत रेशीम फिकट नारिंगी दिसते, आणि येथेच पुष्कळ जण आच वाढवतात. तसे करू नये. तासाभराने नारिंगीखालून गुलाबी वर येऊ लागतो, आणि भांडे उतरवून रात्रभर झाकून ठेवले की सकाळी त्यातून पिकल्या फळासारखा लाल निघतो. पाणी फार मृदू असेल तर त्यात चिमूटभर खडूची पूड घालावी, कारण कॅल्शियममुळे हा लाल अधिक खुलतो.

लाखेच्या किड्यांपासून मिळणारा लॅकेइक आम्लाचा रंग रेशमावर विशेष सुंदर चढतो. तयार अर्काची पूड वापरल्यास धाग्याच्या वजनाच्या पाच ते आठ टक्के पुरते. गाळायला काही नसल्यामुळे हे सर्वांत स्वच्छ काम आहे, फक्त पूड आधी थोड्या पाण्यात नीट कालवून घ्यावी.

नीळ

निळीची प्रकृती या सर्वांहून वेगळी आहे. तिला रंगबंधक लागत नाही आणि ती पाण्यात विरघळतही नाही. अल्कधर्मी पाण्यात तिच्यातला ऑक्सिजनशी जोडलेला भाग बदलला की ती तात्पुरती विरघळते, धाग्यात शिरते, आणि धागा हवेत आला की पुन्हा अविद्राव्य होऊन आतच अडकते. घरासाठी निळीचे सर्वांत सोपे कुंड, म्हणजे रंगवण्याचे द्रावण, एक-दोन-तीन या प्रमाणाचे असते : एक भाग नैसर्गिक नीळ, दोन भाग कळीचा विरवलेला चुना आणि तीन भाग फळसाखर, म्हणजे फ्रुक्टोज. दहा लिटर पाण्याला २० ग्रॅम नीळ, ४० ग्रॅम चुना आणि ६० ग्रॅम फ्रुक्टोज घेतल्यास मध्यम निळा मिळतो. नीळ आधी थोड्या गरम पाण्यात गुठळी न राहता घोटावी, साधारण ५० अंशांच्या पाण्यात सर्व एकत्र करावे आणि फेस न आणता हळूच ढवळून झाकून ठेवावे. काही तासांत पाण्यावर तांबूस धातूसारखी साय येते, मधोमध निळसर बुडबुड्यांचा गुच्छ जमतो आणि खालचे पाणी पिवळट हिरवे होते. तेव्हा कुंड तयार झाले असे समजावे. चुना डोळ्यांना आणि त्वचेला घातक असल्यामुळे चष्मा आणि मोजे घालूनच हे करावे आणि मुलांना कुंडापासून हातभर अंतरावर उभे करावे.

मात्र पाहायला त्यांना जरूर बोलवावे. ओले रेशीम अलगद कुंडात उतरवावे, पाण्याखालीच मिनिटभर धरावे आणि थेंब न उडवता वर काढावे. बाहेर येते तेव्हा ते कोवळ्या पानासारखे पिवळट हिरवे असते. मग काठांकडून, जेथे कापड आधी हवा घेते तेथून, हिरवा निळसर होत आत सरकतो आणि काही मिनिटांत सगळी फीत निळी होते. गडद छटा हवी असल्यास धागा जास्त वेळ बुडवून ठेवू नये; पुन्हा पुन्हा थोडा वेळ बुडवावा आणि मधे पूर्ण हवा लागू द्यावी. चुन्याच्या अल्कतेने रेशीम आणि लोकर कमकुवत होतात, म्हणून त्यांच्यासाठी ही काळजी दुप्पट महत्त्वाची आहे. शेवटी भरपूर पाण्याने विसळून, पाण्यात थोडे व्हिनेगर घालून त्यातून फीत काढावी आणि पुन्हा स्वच्छ पाण्यात धुवावी.

पक्का हिरवा रंग एकट्या वनस्पतीतून घरी मिळत नाही असेच धरून चालावे. आधी फिकट नीळ, मग तुरटी आणि त्यावर झेंडू किंवा डाळिंबाची साल, असा तो घडवावा लागतो.

एका भांड्यातून सहा छटा

सोहळ्याच्या माळेत दहा वेगवेगळे रंग भरण्यापेक्षा एका भांड्यातून निघालेल्या छटा मला अधिक देखण्या वाटतात, कारण त्या एकाच घरातल्या माणसांसारख्या एकमेकींशी जुळतात. कांद्याच्या किंवा झेंडूच्या भांड्यात फितींचा पहिला गट गडद रंगून निघाला की रंग संपलेला नसतो; त्याच पाण्यात दुसरा गट रंगवावा आणि त्यानंतर तिसरा. तीन उतरत्या छटा मिळतात. आता प्रत्येक गटातल्या निम्म्या फिती हिराकसाच्या अतिशय पातळ पाण्यातून काढाव्यात. हिराकस धाग्याच्या वजनाच्या एक ते दोन टक्केच घ्यावे, पाणी कोमट असावे आणि नजर हटवू नये : सोनेरी फीत दोन-तीन मिनिटांत शेवाळी हिरवी होऊ लागते आणि हवा तो रंग दिसताच ती काढून भरपूर पाण्यात धुवावी. लोह जास्त झाले तर रेशीम काही वर्षांत ठिसूळ होऊन घडीवर तुटते. तीन छटा सोनेरी आणि तीन शेवाळी, अशा सहा छटांची माळ पानगळीच्या दिवसांना शोभते. मंजिष्ठेच्या तीन उतरत्या छटा आणि न रंगवलेले पांढरे रेशीम वसंताला. निळीच्या तीन छटांत लाखेची एखादी फीत हिवाळ्याच्या लांब रात्रींना.

माळ बांधणे

पातळ रेशीम कात्रीने कापू नये, फाडावे. कापडाच्या काठावर दर ५ सेंटीमीटरला बोटभर लांबीची खाच पाडावी, खाचेच्या दोन्ही बाजू हातांत धरून एका ओढीत कापड शेवटपर्यंत फाडावे. ताणा किंवा बाणा ज्या दिशेला असेल त्याच दिशेने ते सरळ रेषेत फाटते आणि काठाला मऊ, बारीक झालर येते, जी कात्रीने कधीच येत नाही. दोन-चार सुटे धागे ओढून काढावेत. ते फेकू नयेत, त्यांचा उपयोग पुढे सांगितला आहे. फाडण्याचे काम रंगवण्याआधी करावे की नंतर, हे छटांवर अवलंबून असते. सगळ्या फिती एकाच रंगाच्या हव्या असतील तर कापड अखंड रंगवावे. उतरत्या छटा हव्या असतील तर आधी फाडून गट करावेत. रंगवण्याआधी फाडलेल्या फिती मधोमध सैल बांधून ठेवाव्यात, नाहीतर भांड्यात त्यांची दोरी होते.

माळेची दोरी लोकरीच्या किंवा सुताच्या तीन पदरांची वेणी घालून करावी. दोन मीटर माळेला पदर तीन मीटर लांब घ्यावेत, कारण वेणीत लांबी कमी होते. फीत मधोमध दुमडून तिचा फासा दोरीमागून पुढे आणावा आणि दोन्ही टोके त्यातून ओढून घ्यावीत. ही गाठ घट्ट बसते, पण फीत मागे ओढली की सहज सुटते, आणि या माळेला नेमकी अशीच गाठ हवी, कारण दरवर्षी तिच्यात एक नवी फीत घालायची असते आणि जुन्यांचा क्रम बदलावा लागतो. दोरीची टोके वाढवून ठेवावीत. आमच्या घरातल्या माळेत ज्या वर्षी बाळ जन्मले त्या वर्षीची फीत त्याच्या पहिल्या पांढऱ्या दुपट्याच्या कापडाची आहे. ती सुती असल्यामुळे तिच्यावर मंजिष्ठेचा लाल इतर फितींपेक्षा फिका बसला, आणि म्हणूनच ती लगेच ओळखू येते.

माळेला मधूनमधून लोकरीचे गोंडे लावावेत. दहा सेंटीमीटरच्या पुठ्ठ्यावर लोकर चाळीस वेळा गुंडाळावी, वरच्या कडेला पक्का दोरा ओवून गाठ मारावी, खालची कड कापावी आणि वरून दोन सेंटीमीटरवर दोरा आठ-दहा वेळा घट्ट गुंडाळून मान बांधावी. सुट्या झालेल्या रेशमी धाग्यांचा उपयोग येथे होतो : लोकरीबरोबर ते गुंडाळले की गोंड्यात बारीक चमक येते. दोन सुक्या काड्या आडव्या-उभ्या बांधून त्यांच्याभोवती छटाछटांची लोकर गुंडाळत केलेल्या चौकोनी चांदण्याही उरलेल्या धाग्यातून छान होतात आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना त्या एकट्याने जमतात.

मुलांसाठी फुलांची गुंडाळी

लहान हातांना गरम भांड्यापासून दूर ठेवूनही रंगकामात पुरते सहभागी करून घेता येते. तुरटी दिलेला रेशमाचा ओलसर चौकोन टेबलावर पसरावा आणि मुलांनी त्यावर झेंडूच्या पाकळ्या, कांद्याच्या साली आणि मंजिष्ठेचे बारीक तुकडे आपल्या मर्जीने मांडावेत. थर पातळ असावा. ढीग केला तर सगळे मिसळून एकच तपकिरी डाग होतो. कापड काडीभोवती घट्ट गुंडाळावे, दोऱ्याने करकचून बांधावे आणि मोठ्यांनी ती गुंडाळी चाळणीत ठेवून एक तास वाफवावी. त्यानंतर ती रात्रभर तशीच राहू द्यावी. सकाळी उघडण्याचा मान मुलांचा. पाकळ्या झटकल्या की त्यांचे ठसे कापडावर आणि गुंडाळीमुळे त्यांची उलटी प्रतिबिंबे शेजारी उमटलेली असतात. कापड पूर्ण वाळवून आठवडाभर तसेच ठेवावे आणि मगच सौम्य साबणाने धुवावे. अशा चौकोनात भेटवस्तू बांधून दिली तर कागद लागत नाही आणि ते कापड पुढच्या सोहळ्याला पुन्हा कामी येते.

जपणूक आणि नोंद

सोहळा संपला की माळ लगेच उतरवावी. रंग खरोखर उडतो तो त्यानंतर महिनोन् महिने लक्ष न जाता ती उजेडात राहते तेव्हा. धूळ हलकेच झटकावी, डाग असेल तरच गार पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि दुमडण्याऐवजी जुन्या धुतलेल्या सुती कापडावर सैल गुंडाळावी. ओलावा राहिला तर बुरशी येते आणि लोकरीला कसर लागते, म्हणून पेटी वर्षातून दोनदा उघडून पाहावी.

पेटीत एक वही ठेवावी. तिच्या प्रत्येक पानावर वर्ष, धाग्याचे वजन, तुरटीचे वजन, रंगाचे साहित्य, किती अंशांवर किती वेळ ठेवले आणि पाणी कुठले होते एवढे लिहावे, आणि पानाच्या कडेला त्या रंगाचा बोटभर धागा टाचावा. धाग्याचा तेवढाच दुसरा तुकडा गुंडाळून माळेबरोबर ठेवावा. एखादी फीत कुठे उसवली, गोंड्याची मान सैल झाली, तर त्याच वर्षीच्या, त्याच भांड्यातल्या धाग्याने ती सांधता येते.